उसना दिलेला इकाराशी

इकाराशी-सान आमच्या वसतिगृहात आले ते दोन वर्षांसाठी. हे मी ठासून सांगते, कारण पुढे कंपनीत कुणाला ते आठवतच नव्हतं. ओगाकीच्या हिदा बॉडी कंपनीत मी वसतिगृहाचा स्वयंपाक बघायची. चाळीस बाप्ये जेवायला. सगळे मला मावशी म्हणायचे, साहेबसुद्धा.

इकाराशी मूळचे नागाओकाच्या कुरोहिमे मोटर कंपनीचे. ती कंपनी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेली. लढाईच्या दिवसांत कोळशाच्या धुरावर चालणारे ट्रक बनवले, नंतर तीनचाकी टेम्पो, मग एका इंग्रजी कंपनीशी करार करून तिकडच्या मोटारींचे सुटे भाग आणून जोडले. मोटारी खपल्या नाहीत, पण साहेबांना भागीदारीची चटक लागली. मग ठरलं, बसचा सांगाडा त्यांनी बनवायचा आणि त्यावरचा डबा आमच्या हिदा बॉडीने. सोयरीक जुळली साहेबांची आणि नांदायला आले इकाराशी.

कारण त्यांच्या सांगाड्याची भोकं आमच्या डब्याच्या भोकांशी जुळेनात. इंग्रजांकडून शिकल्यामुळे त्यांची ड्रॉइंग इंचात, आमची मिलिमीटरमध्ये. हे त्रांगडं सोडवायला त्यांनी माणूस उसना दिला. याला आमच्याकडे शुक्को म्हणतात. माणूस एका कंपनीचा आणि राबायचं दुसऱ्या कंपनीत. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा माणूस आणायचा. फरक एवढाच, की साखर परत करायची आठवण राहते.

सहा महिन्यांत त्यांनी भोकं जुळवली. तेच अंगाशी आलं. दोन्हीकडची ड्रॉइंग वाचणारा एकच माणूस, त्याला कोण सोडणार? दर वर्षी बसचं नवं मॉडेल, नवी भोकं. नागाओकाहून पत्र यायचं, पुढच्या वसंतात नक्की बोलावू. अशी अकरा वर्षं गेली.

तिकडे घरी बायको, फुमिए. तिच्या गळ्यात अर्धांगवायूने पडलेला सासरा. म्हातारा घर सोडून यायला तयार नाही, म्हणून तिलाही हलता येईना. नागाओकाचा बर्फ तुम्हाला सांगून कळायचा नाही. हिवाळ्यात पाच-सहा वेळा छपरावर चढून फावड्याने ओढावा लागतो, नाहीतर घर खाली बसतं. तो फुमिए एकटी ओढायची. मुलगी चिझुरू चार वर्षांची होती तेव्हा हे निघाले. नवीन वर्षाला आणि उन्हाळ्यात पितरांच्या दिवसांत, असे वर्षातून दोनदा घरी जायचे. पंधराची झाली तेव्हा ती बापाशी पाहुण्यासारखं अदबीने बोलायला लागली. परत आल्यावर त्यांनी मला ते सांगितलं आणि दोन दिवस धड जेवले नाहीत.

बोलायचे कमीच. मी सूप वाढायला गेले की म्हणायचे, ‘पुरे, मावशी.’ दुसऱ्यांदा विचारलं की ‘नको, खरंच नको.’ तिसऱ्यांदा विचारलं की वाटी पुढे. आमच्याकडे सगळेच असे, पण इकाराशी म्हणजे कळस. लग्नाचं सुद्धा फुमिएच्या वडिलांनी तीनदा विचारलं होतं म्हणे.

एकोणीसशे सत्याहत्तरच्या वसंतात एका अमेरिकन कंपनीने दोन्हीकडचे शेअर घेतले आणि हॅगर्टी नावाचे साहेब माणसांचा कारभार बघायला आले. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. यादी बघून त्यांनी विचारलं, दोन वर्षांसाठी आणलेला माणूस अकरा वर्षं इथे काय करतोय? इतक्या वर्षांत हे विचारणारा तो पहिला माणूस. त्यांनी इकाराशींना बोलावून घेतलं. सोबत दुभाषे नोझुए. चाळिशीतला, वर्षावर्षाच्या करारावरचा माणूस.

साहेबांनी विचारलं, तुम्हाला परत जायचंय का? आणि आमचा शहाणा काय म्हणाला? ‘कंपनी ठेवील तिथे राहीन. इथे माझं काही अडत नाही.’

आपल्यातला कुणीही असता तर समजला असता. हे पहिलं ‘पुरे, मावशी’ होतं. नोझुएही समजले असणार, पण त्यांनी शब्दाला शब्द ठेवला. हॅगर्टी साहेब खूश झाले, हात मिळवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. संध्याकाळी इकाराशी मला म्हणाले, ‘मावशी, आता पुन्हा विचारतील.’ त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना गुणगुणताना ऐकलं.

आठ दिवसांनी कागद आला. कुरोहिमेतून नाव कमी, निवृत्तीपर्यंत हिदा बॉडीत कायम. साहेबांना वाटलं, बिचाऱ्याच्या मनासारखं केलं. वर स्वागताची मेजवानीही ठरवली. इकाराशींनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून आभार मानले.

माझं डोकंच फिरलं. अंगावर एप्रन तसाच ठेवून मी ऑफिसात गेले आणि हॅगर्टी साहेबांपुढे सगळं ओकले. बायको, म्हातारा, बर्फ, मुलगी, सगळं. नोझुएंना ते इंग्रजीत सांगावं लागलं, स्वतःच्याच चुकीची तक्रार. त्यांनी एक शब्द गाळला नाही, पण आवाज खाली खाली जात होता. साहेब लाल झाले. नोझुएंकडे रोखून बघितलं. लगेच इकाराशींना बोलावणं गेलं.

इकाराशी आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग नोझुएंकडे. नोझुएंची नजर जमिनीवर होती.

साहेब म्हणाले, “तुम्हाला घरी जायचंय का? हो म्हणा, मी हा कागद आत्ता फाडतो.”

मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल बाबा, एकदा बोल.

“मावशींचा गैरसमज झाला,” इकाराशी म्हणाले. “नोझुए-सान यांनी माझं म्हणणं अगदी बरोबर सांगितलं होतं. मला इथेच राहायचंय.”

बाहेर पडल्यावर मी त्यांना सोडलं नाही. तोंडाला काय कुलूप लावलं होतंत, म्हटलं. ते म्हणाले, “हो म्हटलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. त्यांना तीन मुलं आहेत.”

“आणि तुम्हाला एक आहे ती कुणाची?”

ते तसेच कारखान्याकडे चालू लागले. मी बोलले ते मला अजून टोचतं. पण खोटं काय होतं त्यात? मी गेले नसते तर निदान तो कागद साहेबांनी परस्पर काढलाय, एवढंच राहिलं असतं. आता तो त्यांच्या तोंडून पक्का झाला, माझ्यामुळे.

संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी वसतिगृहाच्या बोळातल्या फोनवरून घरी फोन लावला. मी स्वयंपाकघरात मुळा किसत होते, ऐकू येत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, आपण काय म्हणालो, दोन्ही वेळचं. मग बराच वेळ नुसतं “हं, हं” चाललं. फोन ठेवला तरी हात त्यावरच होता.

मी विचारलं, काय म्हणाली?

“म्हणाली, तुम्ही बरोबर केलंत. मीही हेच म्हटलं असतं.” ते भिंतीकडे बघत होते. “मावशी, ती रागावलीसुद्धा नाही हो.”