नवा पत्रा

कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आमच्या शेजारच्या वसंतरावांची निळी गाडी उभी होती. भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती आणि मी लांबून जळत होतो. तसलीच गाडी माझ्याकडेही आहे, वडिलांची. पत्रा मूळचाच, पण इतका गंजलेला की ती रस्त्यावर आणायची सोय नाही. वसंतरावांच्या गाडीचं इंजिन आणि सांगाडा तेवढा जुना. वरची सगळी बॉडी नवीन करून बसवलेली. हे मला ठाऊक होतं, आणि ते लपवतील याची मी वाटच पाहत होतो.

एका आजींनी दारावरून हात फिरवत विचारलं, "एवढ्या वर्षांत कुठं पोचासुद्धा आला नाही?"

"हा पत्रा नवा आहे, आजी," वसंतराव हसले. "जुना पार कुजला होता. इंजिन मात्र जुनंच. ऐकवू का?"

त्यांनी गाडी सुरू केली. आजी खुदकन हसल्या, गर्दी आणखी दाटली. मी केसांना कलप लावतो, हेसुद्धा बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. गाडीचा हेवा सवयीचा झाला होता; इतकं सहज खरं बोलता येण्याचा हेवा मात्र नवा होता, आणि तो जास्त झोंबला.