मलपृष्ठावरचा भाऊ

लेखक नावाच्या प्राण्याबद्दल तिला आदर होता, पण तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यापुरताच. मग त्यांनी स्वतःबद्दल लिहून पाठवलेले कागद तिच्या टेबलावर येऊन पडायला लागले आणि आदराने गुपचूप काढता पाय घेतला. ती एका प्रकाशनात पुस्तकांच्या मलपृष्ठावरचे लेखक-परिचय लिहायची. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांची कचेरी, जिन्यात रबराचा वास, वर पुस्तकांचे गठ्ठे आणि खिडकीला लागून तिचं टेबल. कचेरीत तिला पाठीमागे 'कात्री' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

कात्री नसती तर काय झालं असतं विचारू नका. एका गृहस्थांनी स्वतःला अष्टपैलू म्हणवून घेतलं होतं आणि वाचकाला शंका राहू नये म्हणून आठही पैलू लिहून दिले होते. आठवा होता पोहणे. एक बाई 'बालपणापासूनच संवेदनशील' होत्या आणि मुद्रितात एक वेलांटी चुकली म्हणून त्यांनी फोनवर शिपायाला रडवलं होतं. निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी बांधलेले सगळे पूल दिले होते, लांबी-रुंदीसकट. पुस्तक प्रेमकवितांचं होतं.

आणि या प्रत्येकाला साइट हवी. परिचयाखाली साइटचा पत्ता हवा, तोही ठळक. साइटवर काय? तर हाच परिचय, जरा मोठ्या अक्षरांत, आणि सन्मानचिन्ह छातीशी धरलेला फोटो. बिचारा वाचक तिथवर जातो आणि बघतो तर पुन्हा परिचय! दार उघडून आत जावं आणि समोर परत तेच दार. तो पुन्हा कशाला फिरकतोय?

तिची पद्धत सरळ होती. पुरस्कार, पदं, पैलू सगळे छाटायचे. लेखकाला फोन करून इतकं छळायचं की त्याच्या तोंडून चुकून एक खरी गोष्ट बाहेर पडावी. त्या गोष्टीचं अर्धं मलपृष्ठावर टाकायचं आणि अर्धं साइटवर ठेवायचं. इंजिनिअरसाहेबांना तिने विचारलं, "पुलाच्या कामावर कविता लिहायचात कशावर हो?" ते लाजून म्हणाले, "सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांवर." झालं! 'यांच्या पहिल्या कविता सिमेंटच्या पिशव्यांवर लिहिल्या गेल्या. त्यांतली एक पिशवी पत्नीने अजून जपून ठेवली आहे. ती त्यांच्या साइटवर पाहता येईल.' कविता टाकाऊ होत्या, पण पिशवी बघायला माणसं लोटली, आणि आलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी पुस्तकही घेतलं. तेव्हापासून मालक तिच्यापुढे मान वर करून बोलत नसत.

मग एक दिवस मालकांनीच नवं हस्तलिखित तिच्यापुढे ठेवलं. "तुमच्या घरचंच आहे की हो! सांगितलं नाहीत कधी!" म्हणाले आणि कौतुकाने हसले.

पुस्तक तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं. नाव 'आईच्या उशाशी'.

भाऊ व्याख्यानं द्यायचा. विषय नाती. कंपन्यांच्या सभागृहांत कॉलरला माईक लावून तो माणसं जपायला सांगायचा, आणि दिवसभर माणसांशी धड न बोललेले लोक रुमालाने डोळे पुसायचे. शेवटच्या आजारपणात आई हिच्याच घरी होती. भाऊ यायचा, नाही असं नाही. फळांची पिशवी घेऊन यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, बूट न काढता. एक फोटो घ्यायचा. मग त्याचा फोन वाजायचा आणि 'अरे, निघालोच' म्हणत तो निघायचाच. कूस बदलणं, ओल्या चादरी काढणं, चमच्याने भरवलेला घास अंगावर थुंकून घेणं हे सगळं हिच्याकडे. एका हाताने आईची पाठ शेकायची आणि दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी अष्टपैलुत्वावर काट मारायची, अशी तिची ती वर्षं गेली होती.

तिने पुस्तक वाचलं. त्यातली आई पानोपानी सुविचार बोलत होती. खरी आई उशी सरकली की शिव्या घालायची, आणि झकास घालायची. सोबत भावाने आपला परिचय जोडला होता: 'आईच्या आजारपणात अहोरात्र तिच्या उशाशी बसून जीवनाचा अर्थ शोधणारे सुप्रसिद्ध व्याख्याते.' तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अहोरात्र! हा माणूस खुर्चीवर कधी पूर्ण टेकून बसला नव्हता.

मालकांना सांगता आलं असतं. पण मालकांनी 'घरचं भांडण घरी' म्हणून हात वर केले असते. शिवाय तिला आभार नको होते, पुस्तकात नावही नको होतं. त्या खोलीत कोण होतं आणि कोण नव्हतं, एवढंच एकदा कळायला हवं होतं, आणि तेही त्याच्याच तोंडून. तिने कात्री उचलली. 'अहोरात्र' गेलं, 'सुप्रसिद्ध' गेलं, जीवनाचा अर्थही गेला. उरल्या जागेत तिने लिहिलं: 'शेवटच्या आजारपणात यांची आई रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलायची. ते या पुस्तकात नाही. वाचकांनी साइटवर विचारलं, तर लेखक स्वतः सांगतील.'

ते वाक्य भावाला माहीत असणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी तो कधी आलाच नव्हता.

मलपृष्ठ त्याच्याकडे मंजुरीला गेलं. त्याचं उत्तर आलं, "फोटो थोडा मोठा करा." हे लोक स्वतःबद्दलसुद्धा नीट वाचत नाहीत.

पुस्तक निघालं आणि तिचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. लोक हात धुऊन त्याच्या मागे लागले. साइटवर विचारणांची रीघ लागली. काय म्हणायची आई? सांगा ना, काय म्हणायची? भाऊ नुसताच 'लवकरच' म्हणत राहिला. ती डबा खाताना साइट उघडून बसायची, आणि नोकरीत पहिल्यांदाच तिला जेवण इतकं गोड लागत होतं. आता तो फोन करील, मग त्याला कबूल करावं लागेल, असं ती घोळवून घोळवून मनात म्हणायची.

फोन आलाच नाही. उत्तर आलं, थेट साइटवर: 'आई म्हणायची, बाळा, जग जिंकलं नाहीस तरी चालेल, माणसं जिंक.'

तिचा घास हातातच राहिला. आईने जन्मात असलं वाक्य उच्चारलं नव्हतं. आणि वाचक? वाचक ढसाढसा रडत होते. हात जोडत होते, 'माझी आईसुद्धा अगदी हेच म्हणायची' असं सांगत होते. जणू सगळ्या आया एकाच शिकवणीला जात होत्या! मालक नाचायचे तेवढे बाकी होते. तिने लेखकांना इतकी वर्षं नावं ठेवली होती, पण असले लेखक कुणामुळे पोसले जातात हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी दुपार कलताना भाऊ घरी आला. हातात फळांची पिशवी. आईची खाट होती तिथे आता खुर्ची होती, तिच्या काठावर टेकला.

"ताई, काय ओळ टाकलीस तू! आधी तर माझी तंतरली. मग म्हटलं, देऊ काहीतरी ठोकून."

"दिलंस की."

"लोकांना जाम आवडलं. सभागृहांतून बोलावणी येतायत." तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "बरं, खरंच काही म्हणायची का गं ती? की तू आपलं उगीच?"

याच प्रश्नाची तिने वाट पाहिली होती. उत्तर ओठांवर तयार होतं, आणि तरी ते बाहेर काढणं तिला जड गेलं. कारण त्या वाक्यात ती स्वतः कुठेच नव्हती. केलं सगळं तिने, आणि आई रोज संध्याकाळी तिलाच सांगायची ते त्याच्याबद्दल.

"म्हणायची, 'दाराला कडी लावू नकोस. तो यायचाय.'"

भाऊ दाराकडे बघत राहिला. "आणि तू?" त्याने विचारलं.

"तिला झोप लागेपर्यंत नव्हते लावत."

त्याचे डोळे भरून आले, अगदी खरे. पोहोचलं एकदाचं, असं तिला वाटलं. इतक्यात त्याने डोळे पुसले आणि खिशातून मोबाइल काढला.

"ताई, हे केवढं जबरदस्त आहे! पहिलं काढतो आणि हेच टाकतो." अंगठा भराभर चालायला लागला. "'कडी लावू नकोस, तो यायचाय.' पुढे काय लिहू गं? शेवटाला काहीतरी हवं ना. तू सांग, तुला जमतं."

तिने त्याच्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं, टेबलावर येणारा कुठलाही कागद पाहायची तसं.

"पुढे काही लिहू नकोस. तिथेच सोड. पुढचं वाचक विचारतील."

"काय विचारतील?"

"मग तो आला का?"

भावाचा अंगठा होता तिथेच राहिला. तिने फळांची पिशवी उचलून आत नेली. ती बाहेर आली तेव्हा तो दारात मोबाइल खिशात घालत होता. जिन्यावरचा बुटांचा आवाज खाली पोहोचेपर्यंत ती उभी राहिली. बाहेर अजून चांगला उजेड होता. तिने दार लोटलं आणि कडी लावली.