बुडीमीर नव्हे, बुदिमीर

माझा धाकटा भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, तास संपवून नुकतीच बसले होते. भावजय एवढंच म्हणाली, "ताई, हे उठत न्हाईत…" दुपारी जेवून आडवा झाला, तो झालाच. दहाव्याला भटजींनी नाव विचारलं. "बुदिमीर," मी सांगितलं. ते म्हणाले, "हे हाक मारायचं असेल. पाळण्यातलं सांगा." पण दुसरं नाव नव्हतंच.

हे नाव बाबांनी दर्यापारहून आणलं होतं. ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा पाळी संपवून खालच्या खोलीत झोपलेले असताना तिथे धूर भरला. युगोस्लाव्हियातल्या एका इंजिनिअरने त्यांना हलवून जागं केलं आणि बखोटीला धरून ओढत वर आणलं. त्याचं नाव बुदिमीर. त्याच्या भाषेत 'बुदिती' म्हणजे जागं करणं आणि 'मीर' म्हणजे शांतता. पुढे मराठी शिकवायला लागल्यावर मला कळलं, की आपल्या 'बोध' आणि 'प्रबोधन' या शब्दांचं मूळही तिथेच जाऊन मिळतं.

आईला मात्र त्यात 'बुडी'च ऐकू यायची. उरणजवळच्या आमच्या कोळीवाड्यात सगळ्यांचं पोट दर्यावर. "बुडी नावाच्या पोराला बोटीवर कोन घेल?" ती म्हणायची. आणि कुणी घेतलंच नाही. माझे यजमान तांडेल, बोट त्यांच्याच हुकमतीत. पण सख्ख्या मेव्हण्यालाही ते टाळत. "खलाशी घाबरतात," म्हणायचे… घाबरत तेही होतेच. बुदी जेटीवर बर्फ फोडायचा. नाव बदल म्हणून आईने किती विनवलं! तो म्हणे, "बाबांना ज्यानं उठवला त्याचा नाव हाय. कसा टाकू?"

एका हिवाळ्यात खलाशी तापाने पडले आणि यजमानांनी नाइलाजाने बुदीला नेलं. आई दारात आडवी उभी राहिली होती. तो तिच्या खांद्याला धरून, तिला हलकेच बाजूला करून गेला. दुसऱ्या सकाळी समोरचं घर दिसेना इतकं धुकं. यजमानांचा फोन आला, "इंजिन बंद पडलंय. नांगर टाकलाय, पण मोठ्या जहाजांची वाट जवळच हाय…" पुढे आवाज तुटला, मग फोनच लागेना.

आम्ही जेटीवर उभ्या. समोर नुसता पांढरा पडदा आणि त्यातून कंटेनर जहाजांचे भोंगे. प्रत्येक भोंग्याला आई माझा दंड आवळायची. "नावानंच घात केला," एवढंच पुटपुटत राहिली. मी तिला गप्प केलं नाही. माझ्याही मनात तेच येत होतं.

धुकं विरळ झालं तेव्हा दुसरी बोट आमची बोट ओढत आणताना दिसली. मी माणसं मोजली. सगळे होते. यजमान चिंब, ओठ निळे पडलेले. खाली उतरले ते थेट आईपाशी आले. "मामी, तुमच्या पोरानं वाचवला." जाळी ओढून थकलेले सगळे झोपले होते, बुदी तेवढा जागा. एका जहाजाची धडधड त्याला बोटीच्या लाकडातून जाणवली. त्याने लाथा घालून सगळ्यांना उठवलं आणि सुरीने नांगराचा दोर कापला. ओहोटीने आणि वल्ह्यांनी बोट कशीबशी सरकली. जहाज इतक्या जवळून गेलं, की त्याच्या लाटेने बोट अर्धी भरली.

आई त्याला जन्मभर बाळ्या म्हणत आली होती. ती म्हणाली, "बुदिमीर, घरी चल."

त्यानंतर तो बोटीवरून उतरलाच नाही. निघायच्या आधी घरोघर जाऊन खलाशांना उठवायचं काम त्याने आपणहून घेतलं. सगळ्यांकडे मोबाइल आले तरी तो यायचाच. आमचं दार शेवटचं. थाप पडायची आणि पाठोपाठ खोकला.

परवा पहाटे जाग आली तर यजमान अंथरुणावर बसलेले. गजर वाजून बंद झाला होता.

"उठा, भरती आलीय," मी म्हटलं.

"थांब जरा," ते दाराकडे बघत म्हणाले. "तो अजून आला न्हाय."