मालगाडीवाले काका

एका माणसाला ऐकू येत नाही म्हणून मी त्याची निंदा त्याच्याच तोंडासमोर केली.

आमच्या परळच्या चाळीतले हे काका जन्मभर मालगाडीची डिझेल इंजिनं चालवून निवृत्त झाले. कान त्या धडधडीतच गेले. त्यामुळे बोलणं एवढं मोठं, की त्यांनी घरात मीठ मागितलं तर खालचा वाणी पुडी बांधायला घेतो. त्यात सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंटपैकी एकाने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, ही कामावरची सवय. समोरच्याचं वाक्य आधी जसंच्या तसं म्हणणार, मग उत्तर. "चहा घेणार? हो, घेणार."

परवा ते चहाला आले असताना बायको त्यांना मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण देणार, एवढ्यात मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून तिला म्हणालो, "यांना नको. व्याह्यांसमोर ओरडत बसतील."

"यांना नको," काका सवयीने खणखणीत म्हणाले, "व्याह्यांसमोर ओरडत बसतील."

गॅलरीतली माणसं आमच्या दाराकडे बघायला लागली. आपण काय म्हणालो ते काकांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मी प्रथमच त्यांना हळू बोलताना ऐकलं. "इंजिनात आम्ही एकमेकांचे ओठच बघायचो हो. बरोबर आहे तुमचं. नाही येत मी."



बायको त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "काका, तुम्ही यायचंच. ह्यांना बोलवायचं की नाही, ते मी बघते."