शेंदराखालची दाढ

आमच्या देव्हाऱ्यात मुठीएवढा काळा, जड दगड होता. सातपाटीहून लांब समुद्रात ह्यांच्या जाळ्यात आला होता तो. त्याच दिवशी वादळातनं होडी सुखरूप परतली, म्हणून ह्यांनी त्याला शेंदूर लावला. मग काय, दर नारळी पुनवेला तेल-शेंदराचा एक थर. होता होता दगडाचा पार लाडू झाला.

नात मुंबईला शिकते. जुन्या जनावरांची हाडं बघून तेव्हाचं रान, हवापाणी कसं होतं ते शोधायचं, असलं शिक्षण. सुट्टीत आली नि देव्हाऱ्यापुढेच थबकली. दगडाच्या एका कडेचा शेंदूर उडाला होता.

"आजी, हा दगड नाही, दाढ आहे! चिमूटभर भुकटी काढून तपासू दे ना."

हे उसळलेच. "देवाला दाताचा डॉक्टर? नाय जमायचं. होडीची राखण त्याच्याकडं हाय."

पोरीचा चेहरा उतरला. पण हट्ट नाही केला तिनं. "मग देवालाच विचारा, आजोबा. कौल लावा."

कौल म्हणजे दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं की होकार. लावली. चहा झाला, जेवणं झाली, एकही फूल हलेना!

मी म्हटलं, "एवढं तेल पाजून चिकट केलंत, फूल पडेल कसं?"

ह्यांना हसू फुटलं. "बरं, शेंदूर काढ. पण जपून."

बांबूची काडी नि जुना ब्रश घेऊन पोर दुपारभर बसली. मी जन्मभर मासळी साफ केली, पण असली चिकाटी माझ्यात नाही हो! खालनं नागमोडी रेषा निघाल्या, झिजलेल्या. ह्यांनी दाढ उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"अगो, हा तर चावून झिजलाय. माझ्या दाढेसारखा." दाढ पोरीपुढे धरली. "पोटामागं फिरलेला जीव दिसतो. घे बाय. पण परत आण."

आणली. बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा खळगा, बस्स.

"रानरेडा होता, आजोबा. खाल्लेल्याची खूण दाढेत राहते. हा गवत खायचा. हा जगला तेव्हा, हजारो वर्षांपूर्वी, समुद्र खूप मागं होता. तुम्ही जाळं टाकता तिथं बहुतेक गवताचं रान असेल. एका दाढेवरून पक्कं नाही सांगता येत, अजून सापडायला हव्यात."

केवढं रान मावलं होतं त्या मुठीत!

पुनवेला ह्यांनी शेंदराची वाटी बाजूला सारली. कुंपणाकडचं हिरवं गवत कापून आणलं, जुडी दाढेपुढे ठेवली.

"इतकी वर्षं उपाशी ठेवला गो त्याला," म्हणाले, नि नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघाले.