हेर वाइगांडची हिरवी गाडी

शुभा सोहोनीला गाड्यांचं मुळीच वेड नव्हतं. न भिजता कामावर पोचवते ती गाडी, एवढंच तिचं मत. तिचं लक्ष असायचं माणसांच्या सांध्यांकडे. मिरजेला ती फिजिओथेरपी शिकली, लग्न होऊन डार्मश्टाटला आली. भाषा शिकण्यात आणि लेकीला, उर्जाला, वाढवण्यात बरीच वर्षं गेली. मग चाळिशी उलटल्यावर तिला ओडनवाल्डच्या डोंगरातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी लागली. गुडघे नाहीतर खुबे बदललेली म्हातारी माणसं तिथे पुन्हा चालायला शिकायला येत आणि शुभा त्यांना चालवी. रस्त्यात कोणी अनोळखी माणूस लंगडताना दिसला तरी तिची मान वळायची.

"अगं, त्याने तुझी वेळ घेतलेली नाही," श्यामकांत म्हणायचा.

श्यामकांत तिचा नवरा, मूळचा पुण्याचा. र्युसेल्सहाइमच्या मोटार कंपनीत ब्रेकच्या विभागात इंजिनिअर. जेवताना मीठ मागावं इतक्या सहजपणे तो कंपनीचा विषय काढी. घरी अर्थातच त्याच कंपनीची गाडी होती. शेजाऱ्याने दुसरीकडची गाडी घेतली की श्यामकांत जिन्यात त्याचं अभिनंदन करी आणि दार लावून घेतल्यावर म्हणे, "बिचारा."

गाडी चांगलीच होती. अडचण त्या डोंगराची होती. क्लिनिकला जाणारा शेवटचा चढ दाट जंगलातून होता आणि त्या भागातले पाण्याचे झरे राखलेले होते. म्हणून हिवाळ्यात त्या रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकत नसत. बर्फ पडला की तो बाजूला सारणारा नांगर लावलेला ट्रॅक्टर एक फेरी मारून जाई, आणि मागे जो गुळगुळीत थर राही त्यावर गाडीची पुढची दोन चाकं नुसती गरगर फिरत. आदल्या हिवाळ्यात हिवाळी टायर असूनही शुभाला दोन वेळा गाडी पायथ्याशी सोडून चालत वर जावं लागलं होतं. ती पोचली तेव्हा तिची म्हातारी मंडळी आंघोळीचे झगे घालून कॉरिडॉरमध्ये वाट पाहत बसलेली होती. पहिली बस सकाळची पाळी सुरू झाल्यावर यायची, त्यामुळे तिचा काही उपयोग नव्हता.

क्लिनिकच्या मुख्य डॉक्टर, फ्राउ डॉक्टर लामर्ट, रागावल्या नाहीत. ऑक्टोबरात त्यांनी शुभाला खोलीत बोलावून घेतलं.

"तुमचा करार जानेवारीत संपतो. कायमची जागा मला तुम्हालाच द्यायची आहे. पण ती सकाळच्या पाळीची आहे. सकाळी तुम्ही वर पोचालच याची मला खात्री हवी. नाहीतर खालच्या गावातल्या कोणाला तरी घ्यावं लागेल. नोव्हेंबर संपायच्या आत मला सांगा."

शुभाने त्या रात्री जेवताना सांगून टाकलं, "आपल्याला आलराड घ्यायला हवी." चारही चाकांना जोर मिळतो त्या गाडीला तिकडे आलराड म्हणतात.

श्यामकांतने पोळीचा घास खाली ठेवला. "घेऊ की. आमच्याकडेही असतात. मी बघतो."

त्याने मनापासून बघितलं, यात शंका नाही. पण परवडेल अशी कंपनीची वापरलेली आलराड त्याला एकच सापडली, आणि ती इतकी मोठी होती की इमारतीच्या तळघरातल्या गराजमध्ये शिरेना. त्यावर तो म्हणाला की आणखी थांबून पाहू. नोव्हेंबर अर्धा संपला तरी तो थांबतच होता. तेवढ्यात शुभाला क्लिनिकमधल्या एका स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. निवृत्त वनाधिकारी, जुनी जपानी आलराड, रंग हिरवा.

"बघायला काय जातंय," श्यामकांत म्हणाला. हे वाक्य तो ज्या स्वरात म्हणाला तो शुभाच्या चांगल्या ओळखीचा होता. लग्नाआधी एक स्थळ बघायला जातानाही तो असंच म्हणाला होता, हे तिला सासूबाईंनी सांगितलं होतं. ते स्थळ अर्थातच शुभाचं नव्हतं.

शनिवारी तिघं निघाली. चौदा वर्षांची उर्जा कानात गाणी लावून मागे बसली होती. वाटेत श्यामकांतने आपला बेत उघड केला.

"हे बघ, मी गाडी नीट तपासतो. जुनी गाडी आहे, काहीतरी निघेलच. आणि नाही निघालं तर मी असा भाव सांगतो की म्हातारा स्वतःच नको म्हणेल. म्हणजे आपल्यालाही वाईट वाटायला नको, त्यालाही नको."

"आणि मला?"

"तुला काय?"

शुभा खिडकीबाहेर बघू लागली. डोंगराच्या माथ्यावर ढग उतरले होते.

हेर वाइगांड, म्हणजे जाहिरातीतले ते वाइगांडसाहेब, गावाच्या टोकाला एकटेच राहत होते. उंच, किंचित वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा. डोळे अधू झाल्यामुळे त्यांनी स्वतःहूनच गाडी चालवणं सोडलं होतं. अंगणात ती हिरवी गाडी उभी होती. दिसायला अगदी साधी, दारावर फांद्यांचे बारीक ओरखडे. हेर वाइगांडनी श्यामकांतकडे पाहिलंच नाही. त्यांनी शुभाला विचारलं, "कुठे जायचं असतं तुम्हाला?"

शुभाने क्लिनिकचं नाव सांगितलं.

"सकाळी?"

"सहाला निघते."

"त्या शेवटच्या चढावर?" त्यांनी विचारलं.

श्यामकांतने जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झाला. त्याचे फक्त बूट दिसत होते. गंज शोधायला तो पुढून मागे, मागून पुढे सरपटत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, म्हणजे गंज मिळालेला नव्हता. मग त्याने चारही टायर तपासले. आलराडला चारही टायर सारखेच झिजलेले लागतात, दोन नवे आणि दोन जुने घातले की आतली यंत्रणा हळूहळू खराब होते. हे त्याने शुभाला घरीच समजावलं होतं आणि या जुन्या गाडीत इथेच घोळ सापडेल अशी त्याला आशा होती. पण टायर एकाच वेळी घेतलेले, एकसारखे झिजलेले निघाले. शेवटी स्टिअरिंग पूर्ण वळवून त्याने अंगणात अगदी हळू गोल गोल चकरा मारल्या. खिडकी उघडून, मान बाहेर काढून तो कान देऊन ऐकत होता. यंत्रणेत दोष असला तर अशा वेळी गाडी अडखळते, खडखडते.

"गुडघा ठीक आहे," शुभा मराठीत म्हणाली.

"तू गप्प बस ग."

अंगणात टिपत असलेल्या कोंबड्या बाजूला झाल्या. गाडी न अडखळता फिरत राहिली.

श्यामकांत खाली उतरला. हात पुसले, घसा साफ केला आणि भाव सांगितला. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तो इतका कमी होता की शुभाला अंगणातल्या फरशीकडे बघावं लागलं. उर्जाने कानातली वायर काढली. आई-बाबांचं मराठी तिला सगळं कळायचं, पण ती बोलायची जर्मनमध्येच. "पाइनलिश," ती पुटपुटली. म्हणजे लाज वाटते.

हेर वाइगांडनी आधी गाडीकडे पाहिलं, मग शुभाकडे, मग डोंगराकडे. मग हात पुढे केला.

इथे शुभाला तोंड उघडता आलं असतं. क्लिनिकमध्ये या भागातले शेतकरी येत. त्यातला एक जण रोज तिच्याशी घासाघीस करी, आज जिन्यापर्यंतच, खिडकीपर्यंत नाही. एकमत झालं की हात पुढे करी. एकदा हात दिला की मग दुखलं तरी तो तेवढं चालायचाच. गाय असो, गाडी असो की जमीन, या डोंगरात भाव ठरल्यावर दिलेला हात म्हणजे झालेला व्यवहार. कागद नंतर होतो. शुभाला हे चांगलं माहीत होतं. श्यामकांतला नव्हतं, कारण र्युसेल्सहाइमच्या ऑफिसात लोक येताना-जाताना दिवसातून कितीतरी वेळा हात मिळवतात. त्याला वाटलं, म्हातारा सभ्यपणे निरोप देतोय.

शुभा गप्प राहिली. श्यामकांतने हसून, मनापासून, दोन्ही हातांनी हात मिळवला.

"आल्झो," म्हणजे ठरलं तर, असं म्हणून हेर वाइगांड घरात गेले. परत आले ते किल्ल्यांचे दोन जुडगे घेऊन.

"हे किल्ल्या कशाला आणतायत?" श्यामकांतने विचारलं.

"तुम्ही गाडी घेतलीत," शुभा म्हणाली.

"मी? कधी?"

"आत्ता. हात दिलात ना. इकडे भावावर हात दिला की झालं."

"अगं, निघताना देतात तसा दिला मी. तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा बेत तुम्ही वाटेत सांगितलात," शुभा म्हणाली. "माझा मला अंगणात सुचला."

हेर वाइगांड किल्ल्या हातात घेऊन उभे होते. या दोघांचं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण घाई नव्हती. मग कागद करायला ते आत गेले.

"अजून सही झालेली नाही," श्यामकांत हळूच म्हणाला.

"नाही झालेली. आत जा आणि त्यांना सांगा."

"तू सांग ना. तुझं जर्मन गोड आहे."

"आकडा मी नाही सांगितला."

श्यामकांत आत गेला. शुभा अंगणातच थांबली. स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. श्यामकांत बोलत होता, हात हलवत होता, बराच वेळ. त्याने नाही म्हटलं तर महिनाअखेरीला तिला फ्राउ डॉक्टर लामर्टच्या खोलीत जाऊन नकारार्थी मान हलवावी लागणार होती. बाकी कुठली नोकरी मिळाली नसती असं नाही. पण ही माणसं मिळाली नसती. तिने गाडीच्या थंड बॉनेटवर हात टेकला आणि आत बघणं बंद केलं.

बऱ्याच वेळाने श्यामकांत बाहेर आला. त्याच्या हातात घडी घातलेले कागद होते.

"काय झालं?"

"मी त्यांना खरं सांगितलं. म्हटलं, तुम्ही नको म्हणावं म्हणून मी तो आकडा सांगितला."

"मग?"

"ते म्हणाले, हो, ते कळलंच मला."

"आणि?"

"म्हणाले, गाडी बघायला बरेच आले, खाली कोणी आडवं झालं नाही. तुम्ही तर बाहेर यायलाच तयार नव्हतात. ज्याला गाडी नको असते तो एवढं बघत नाही." श्यामकांतने कागदांची घडी उगाच पुन्हा नीट केली. "मग मला कसंतरीच वाटलं. मी भाव वाढवला."

"तुम्ही?"

"थोडा. तर ते ऐकेनात. हात दिलाय म्हणे. शेवटी मधे कुठेतरी जमलं."

उर्जाने आपल्या बापाकडे नव्याने पाहिलं. घेणारा भाव वाढवतोय आणि विकणारा कमी करतोय, असा सौदा तिने पूर्वी पाहिला नसावा. "पापा," ती जर्मनमध्ये म्हणाली, "तू पुण्यात हे कोणाला सांगू नकोस."

नोव्हेंबर संपायच्या आत शुभाने क्लिनिकमध्ये हो कळवलं, आणि डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात रात्रभर बर्फ पडला. सकाळी पायथ्याशी दोन गाड्या कडेला लावून ठेवलेल्या होत्या. शुभा त्या चढावर गेली ती कशी, याचं वर्णन करण्याजोगं खरं म्हणजे काही घडलंच नाही. गाडी चढली. वर हॉलमध्ये तिच्या पाळीचं दुसरं कोणी पोचलेलं नव्हतं. तिने आपली मंडळी चालवली, मग दुसऱ्यांचीही. शेवटची आजीबाई कठड्याला धरून खिडकीपर्यंत पोचली तेव्हा फ्राउ डॉक्टर लामर्ट दारात बूट झटकत होत्या. त्या स्वतःच चालत वर आल्या होत्या.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग शुभाकडे. "कागद मी आजच तयार करायला सांगते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांचंही काम उरकून संध्याकाळी शुभा बाहेर आली तर क्लिनिकच्या थांब्यावर श्यामकांत उभा. र्युसेल्सहाइमहून आगगाडी आणि दोन बस करून आला होता. टोपीवर बर्फ.

"चढायला चार चाकं ठीक आहेत," तो म्हणाला. "उतरताना त्यांचा काही उपयोग नाही. उतरताना ब्रेकच. म्हटलं, सोबत असावं."

"म्हणजे तुम्ही चालवणार?"

"तसं नाही. तू चालव. मी बसतो."

उतारभर तो रस्त्याकडे डोळे लावून बसला. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय गाडीच्या तळाशी, जिथे ब्रेक नव्हता तिथे, जोरात दाबला जात होता. शुभा दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरली. खाली सपाटीवर आल्यावर तिने सांगितलं, "जागा कायमची झाली."

श्यामकांतने पाय सैल केला. 

"म्हणजे ही गाडी आता पुष्कळ वर्षं लागणार."

"लागणार."

"मग ऑइल मीच बदलीन," तो म्हणाला. "आणि पुढच्या डाव्या ब्रेकचा आवाज येतोय तो तुला ऐकू येत नाही. शनिवारी बघतो."