पाठमोरा बाप

दस्तुरी नाक्यावर टॅक्सीने मला उतरवलं. पुढे माथेरानात गाडी जात नाही. तेव्हा माझी बॅग, माझं पोट आणि मी असे तिघे धापा टाकत हॉटेलात पोहोचलो.

सकाळी पोह्यांचा घास घेताना समोर पाहिलं आणि हात थांबला. भिंतीवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं मोठं तैलचित्र होतं. इंग्रज खेडुताचं घर. लेक नोकरीसाठी परगावी निघालीय, दारात घोडागाडी उभी. आई तिच्या टोपीची नाडी बांधतेय. आणि बाप? सगळ्यांकडे पाठ करून चुलीत बघत बसलाय. टेबलावर त्याची बशी तशीच भरलेली.

"त्याच्याकडं नका बगू सायेब," पोहे वाढणाऱ्या सुनंदाताई म्हणाल्या. "लेक चालली नि ह्यो पाठ करून बसलाय. आमच्या घरी पण असलाच एक हाय."

त्यांची लेक पल्लवी आजच नर्सिंग शिकायला नागपूरला निघणार होती. दिवाळीपर्यंत दिसणार नव्हती. बाप नामदेव घोडेवाला. आठवडाभर लेकीशी बोलला नव्हता, आज तर उजाडताच घोडा घेऊन बाहेर पडला होता.

"भांडण झालं?"

"भांडला असता तर बरं! बोलतच नाय."

ताई लेकीला पोचवायला नाक्यावर निघाल्या. मी तडक बाजारात जाऊन नामदेवचाच घोडा ठरवला. त्याने तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला, आत दोन बोटं सारून पाहिली.

"ढिला राह्यला तर माणूस पडतो, सायेब. कुठं जायचं?"

"दस्तुरी."

"तिकडं बगायला काय नाय. लांबच्या पॉइंटला नेतो." आणि घोडा उलट्या दिशेला चालू लागला.

हौशी नाटकांतून मी बरेचदा मेलोय. तो अनुभव कामी आला. "चक्कर!" मी घोड्याच्या मानेवर कोसळलो. "टॅक्सी! खाली न्या मला!"

बिचारा लगाम धरून नाक्यापर्यंत पळाला. तिथे मी टुणकन ताठ बसलो.

"तुमी तर बरे हाय!"

"इथली हवा मानवली."

पण तो ऐकत नव्हता. टॅक्सीपाशी पल्लवी उभी होती, तळहातावर आईने घातलेलं दही.

"आबा, येते."

नामदेव पुढे झाला. तिच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा ओढून आवळला, आत दोन बोटं सारून पाहिली.

"ढिला ठेवू नको गं," तो म्हणाला. "पडशील."

"नाय पडणार, आबा." हसता हसता तिला रडू फुटलं. बाप तिचा खांदा सोडेना.

"एवढं बोलायला आठवडा लागला का वो तुमाला!" ताई पदराआडून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ताई चित्राची चौकट पुसत होत्या. पाठमोऱ्या बापापाशी फडकं थांबलं.

"ह्याला बिचाऱ्याला चक्कर येणारं गिऱ्हाईक नाय भेटलं," त्या म्हणाल्या.

नाक्यापर्यंत बॅग नामदेवने आणून दिली. नेरळला ती खांद्याला लावली तेव्हा पट्टा चांगलाच आवळलेला लागला. घरी पोचेपर्यंत मी तो सैल केला नाही.